दुःखाचे कारणही सांगा
(घोटी येथील अभ्यासवर्गात केलेले भाषण)



इतिहासातील दुःख मुलांना कितपत सांगावे, असा प्रश्न शिक्षक मित्र वारंवार विचारतात. आपल्या मुलांच्या ऐतिहासिक गोष्टींत गड, घोडे आणि तलवारी भरपूर. भूक मात्र अभावानेच आढळते.

आयर्लंडमध्ये १८४५ पासून रोगाने बटाट्याचे पीक गेले. सुमारे दहा लाख माणसे दगावली, तितकीच देशोधडीला लागली. आणि त्याच काळात तेथील धान्य इंग्लंडला जातच होते. या दुष्काळावर मारिटा कॉन्लन-मकेना यांनी १९९० साली मुलांसाठी कादंबरी लिहिली. तीत बाप रस्त्याच्या कामावर गेलेला, आई त्याच्या शोधात निघालेली, तान्ही बहीण दगावलेली. उरलेली तीन भावंडे पायपीट करीत नातलगांचे घर गाठतात. लेखिकेने मरण लपविले नाही, पण मुलांना परस्परांचा आधार दिला.

हे आपल्याला परके आहे काय? त्याच सुमारास, १८४८ साली, सावकारशाहीविरुद्ध उठलेल्या राघोजी भांगरे यांना ठाण्यात फाशी दिले गेले. त्यांचे देवगाव या समोरच्या डोंगरांपलीकडचे. आणि १९७२ च्या दुष्काळात आपल्याच आयाबाया खडी फोडीत होत्या, मुले सुकडीची वाट पाहत होती. माझी आई त्यांतलीच. त्या वर्षाविषयी ती 'नशिबाचे दिवस' एवढेच म्हणे. माझ्या मुलांपर्यंत तेवढेही पोहोचले नाही. हा दोष माझा आहे.

मूल दुःखाला अपरिचित नसते. गरिबाचे तर नसतेच. त्याला ठाऊक नसते ते दुःखाचे कारण. कारणावाचून सांगितलेले दुःख दैववाद शिकविते; कारणासह सांगितले तर न्यायाची चाड उत्पन्न होते. पाऊस कोणाच्या हाती नव्हता. पण धान्य कोठे गेले आणि काम कोणी द्यावयाचे, हे माणसांच्या हाती होते. म्हणूनच १९७७ साली रोजगार हमीचा कायदा होऊ शकला. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली, तेव्हा कर्जाच्या तगाद्याचा अपमान त्यांनी मुलांपासून झाकून ठेवला नाही. तरीही त्या पुस्तकाने कोणाला द्वेष शिकविला नाही.

तेव्हा माझी विनंती एवढीच : बहात्तर साली जी मुले होती, ती आज आजी-आजोबा आहेत. प्रत्येकाने आपल्या गावातील एकाची तरी हकीकत लिहून घ्यावी आणि शाळेत वाचून दाखवावी. उद्याच्या कथाकाराला ती उपयोगी पडेल. ही माणसे गेल्यावर विचारणार कोणाला?