पहाटे येणारा पूर

कवीला रेडिओवर बोलावलं की तो कविता वाचणार, असं तुम्ही गृहीत धरलं असेल. आज मी कविता वाचणार नाही. उलट माझ्याच एका कवितेबद्दल थोडी कबुली द्यायची आहे, आणि त्यासाठी विषय घेतलाय झोपेचा. झोप न येण्याचा नव्हे. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. झोप लागल्यावर माणूस जे काही करतो, त्याचा.

आमचं जुनं घर कसबा पेठेत, कुंभारवेशीच्या बाजूला. अप्पा बळवंत चौकाजवळ अब्बांचं बुकबाइंडिंगचं लहानसं दुकान. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं फुटलं आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं, तेव्हा अब्बा पंचवीस वर्षांचे होते. त्यांनी आपल्या म्हाताऱ्या आजीला मनगटाला धरून शेजारच्या वाड्याच्या माडीवर ओढत नेलं. माझा जन्म त्यानंतरचा, पण ही गोष्ट मी शंभरदा तरी ऐकली आहे. अब्बा ती हसत हसत सांगत. पाणी जिन्याला लागलं तरी आजी म्हणत होती, 'माझ्या कोंबड्या राहिल्या!' त्या सांगण्यात भीतीचा लवलेशही नसे.

आणि मग १९९५ च्या सुमारास, अब्बा साठीला टेकले असताना, ते झोपेत ओरडू लागले. 'पानी आया! ऊपर चढो!' आमच्या घरात दखनी बोलतात, मराठी उंबऱ्याबाहेर सुरू होते. मी ती घरात आणली ते पुस्तकांमुळे. तर अब्बा ओरडत आणि शेजारी झोपलेल्या अम्मीचं मनगट धरून तिला ओढत. डोळे मिटलेले, पकड लोखंडासारखी. हलवून जागं केलं की लगेच भानावर येत, पुराचं स्वप्न पडलं म्हणून सांगत आणि ओशाळून पाणी पीत. हे नेहमी पहाटे, अजानच्या थोडं आधी. अम्मीच्या हातावर काळेनिळे वळ उठत. ती लांब बाह्यांचं पोलकं घालायला लागली.

आता घरात प्रत्येकाचं निदान वेगळं. अम्मीची मावशी म्हणाली, जिनाची सावली आहे. दम केलेलं पाणी आलं, उशीला तावीज शिवला गेला. शेजारच्या काकूंनी मायेपोटी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. दोन्ही बाजूंचे उपाय झाले, पूर काही ओसरेना. मी त्या वेळी सत्तावीस वर्षांचा, बी. ए. झालेला, कवितेचा एक संग्रह नावावर असलेला. मला या दोघींचं हसू आलं. माझं निदान आधुनिक होतं : मनात दाबून ठेवलेली भीती चौतीस वर्षांनी वर आली आहे. १९९७ साली मी त्यावर कविता लिहिली. बापाच्या झोपेत दर पहाटे शहर बुडतं, अशी काहीशी कल्पना. ती एका संमेलनात वाचली, टाळ्या पडल्या. अब्बा दुसऱ्या रांगेत बसले होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. आम्ही तिघांनीही, म्हणजे मावशीनं, काकूंनी आणि मी, एकच चूक केली होती, हे मला कळायला पंचवीसएक वर्षं लागली.

१९९९ मध्ये एका पहाटे अब्बांनी झोपेतच पलंगावरून उडी घेतली. खुब्याचं हाड मोडलं. २००३ मध्ये उजवा हात थरथरू लागला, सुईत दोरा जाईना, चाल मंदावली. डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितला. २०१२ मध्ये ते गेले. पूर, खुबा आणि थरथर या तीन वेगळ्या आपत्ती आहेत असंच आम्ही समजत होतो. आणखी एक गोष्ट तर आम्ही आपत्तीत धरलीच नव्हती. अब्बांना खस अत्तराचा शौक. थरथर सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून ते कुरकुरत असत की अत्तरवाला लबाड झाला, कुपीत नुसतं तेल देतो, वासच नाही. आम्हाला तो वास दारापर्यंत यायचा. आम्ही हसायचो.

२०२१ च्या पावसाळ्यात माझ्या स्वप्नात कुत्री येऊ लागली. लक्ष्मी रस्त्यावर रात्री मी एकटा, मागे चार-पाच कुत्री, आणि मी लाथा झाडतोय. त्या लाथा बायकोच्या नडगीवर बसत होत्या. मी दिवसा झुरळ मारायलाही कचरणारा माणूस! एका पहाटे माझी मूठ तिच्या डोळ्याखाली लागली. ती शिक्षिका आहे. शाळेत तिनं कपाटाचं दार लागल्याचं सांगितलं. मधल्या सुट्टीत एका सहकारी बाईंनी काही न बोलता तिच्या हातात एक कार्ड ठेवलं. महिलांना मदत करणाऱ्या एका संस्थेचं. घरी येऊन तिनं ते मला हसत हसत दाखवलं, आणि मग हसता हसता तिला रडू आलं. त्या बाईंचं काहीच चुकलं नव्हतं. कपाटाच्या दाराची गोष्ट खरोखर मार खाणाऱ्या बायकाच सांगतात.

त्यानंतर आम्ही मेंदुविकारतज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टरांनी मला दोन प्रश्न विचारले आणि बाकीचे सगळे बायकोला. साक्षीदार तीच होती. मी तर झोपलेला. किती वाजता होतं? 'पहाटे साडेतीन-चारला.' डोळे उघडे असतात का? 'नाही.' उठवलं तर? 'लगेच जागे होतात आणि स्वप्न सांगतात.' डॉक्टर म्हणाले, मग हे झोपेत चालणं नव्हे.

हा फरक मला तेव्हा समजला, तुम्हालाही सांगतो. झोप ही एकसलग गोष्ट नाही. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त असते. झोपेत चालणं किंवा लहान मूल किंचाळत उठून बसणं हे बहुधा त्या वेळचं. मेंदू अर्धवट जागा होतो. डोळे उघडे असतात, पण ओळख नसते, आणि सकाळी काही आठवत नाही. आमच्या वाड्यात एक मुलगा रात्री उठून नळापर्यंत चालत जायचा. त्याची आई साडीच्या चिंधीनं त्याचा पायाचा अंगठा आपल्या अंगठ्याला बांधून झोपायची. मोठा झाला, आपोआप थांबलं. बहुतेक मुलांचं थांबतं. अशाला उठवलं तर तो मरतो, असं वाड्यात म्हणत. तसं काही नसतं. तो गोंधळतो, इतकंच. हाताला धरून हळूच अंथरुणावर आणावं, दाराला कडी वर लावावी.

स्वप्नांची झोप वेगळी. मिटल्या पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात म्हणून तिला 'रॅपिड आय मूव्हमेंट', थोडक्यात 'रेम' झोप म्हणतात. शिकागोच्या ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी तिच्यावरचा निबंध प्रसिद्ध केला तो १९५३ साली. आपलं पुणे आकाशवाणी केंद्रही त्याच वर्षीचं, हा आपला योगायोग. ही झोप रात्रीच्या उत्तरार्धात, पहाटेकडे लांबत जाते. आणि निसर्गानं तिला एक कुलूप घातलेलं आहे. स्वप्नात आपण धावतो, मारामारी करतो, पण मेंदूच्या बुंध्यातून निघणारे संदेश हातापायांचे स्नायू त्या वेळेपुरते लुळे करून ठेवतात. श्वास आणि डोळे तेवढे मोकळे. हे कुलूप कधी जाग आल्यावरही क्षणभर तसंच राहतं. माणूस जागा, पण बोट हलवता येत नाही, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं. गावोगावच्या मुंज्यांपैकी किती मुंजे या कुलपातून जन्मले असतील, देव जाणे.

माझं उलट झालेलं. कुलूपच सैल. फ्रान्समधल्या लिआँ शहरात मिशेल जूव्हे यांनी १९६५ च्या सुमारास मांजरांच्या मेंदूतली ती नेमकी जागा निकामी करून पाहिली, तर झोपलेली मांजरं उठून नसलेल्या भक्ष्यावर झडप घालू लागली. माणसातला हा विकार अमेरिकेत मिनियापोलिसच्या शेंक आणि माहोवाल्ड या डॉक्टरांनी १९८६ साली वेगळा म्हणून नोंदवला. पहिले रुग्ण पाच, त्यांतले चार पुरुष, सगळे साठीच्या घरातले किंवा पुढचे. माझ्या वयाच्या पुरुषांत हा जास्त आढळतो. काही वेळा नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही तो उद्भवतो, आणि घोरताना श्वास अडकणाऱ्या माणसाची धडपडही हुबेहूब अशीच दिसू शकते. म्हणून तपासणी लागते. मी एक रात्र डोक्याला, हनुवटीला, पायांना तारा चिकटवून, कॅमेऱ्यासमोर झोपलो. स्वप्नाच्या झोपेत हनुवटीचा स्नायू सैल पडायला हवा. माझा ताणलेलाच होता.

डॉक्टर हे सांगत होते आणि मला खसचा वास आठवत होता. मी अब्बांची हकिकत सांगितली. ते जरा थांबले. मग सरळ बोलले, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. या विकाराचं दुसरं कारण सापडत नसेल, तर तो पुष्कळदा पार्किन्सन्स किंवा त्याच्या कुळातल्या आजारांची फार आधीची खूण असतो. हात थरथरण्याच्या कित्येक वर्षं आधीची. वास जाणं ही तशीच दुसरी खूण, जुनी बद्धकोष्ठता ही तिसरी. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत २४ केंद्रांवरचे १२८० रुग्ण होते. त्यांच्यात दर वर्षी साधारण शंभरातल्या सहा जणांना असा आजार झाल्याचं दिसलं. म्हणजे उद्या होईल असं नाही, होणारच असंही नाही. पण सोडून देण्यासारखंही नाही.

मी नंतर वाचलं, ते जास्त लागलं. त्याच मिनियापोलिसच्या डॉक्टरांनी असे पन्नाशीपुढचे २९ पुरुष पुढे तपासत नेले, आणि त्यांतल्या ११ जणांत कंपवाताची लक्षणं दिसल्याचं प्रसिद्ध केलं. साल १९९६. मी संमेलनात कविता वाचली, त्याच्या आदल्याच वर्षी.

तुम्ही म्हणाल, कळून तरी काय केलं असतं? पार्किन्सन्स आधीच थांबवणारं औषध तेव्हा नव्हतं, आजही नाही. खरं आहे. पण पलंग काढून गादी जमिनीवर घालता आली असती. खुबा वाचला असता. अम्मीला लांब बाह्या घालाव्या लागल्या नसत्या. आणि हा माणूस मनातून घाबरलेला आहे, असं आम्ही उगाच समजलो नसतो. अब्बा पुराला घाबरले नव्हते. आठवण सगळ्यांकडेच असते. त्यांचं कुलूप सुटलं होतं.

आम्हा लेखक मंडळींचा यात हात आहे. झोपेत माणूस खरं बोलतो, झोपेत पाप बाहेर येतं, हे आम्हीच शिकवलं. शेक्सपिअरची ती राणी झोपेत हात धूत हिंडते. शिरवाडकरांनी 'मॅकबेथ' वरून 'राजमुकुट' मराठीत आणलं ते १९५४ साली. रंगभूमीवर ते थोरच आहे. पण घरातला माणूस झोपेत हातपाय झाडू लागला, तर अर्थ लावत बसण्याऐवजी वेळ आणि खुणा टिपून डॉक्टरांना सांगाव्यात.

आमच्या घरी आता दोन गाद्या, जमिनीवर, मध्ये उशांची भिंत. काचेचं टीपॉय बाहेरच्या खोलीत. मला मेलाटोनिन सुरू आहे. काहींना क्लोनाझेपाम देतात, पण श्वास अडकणाऱ्याला ते अपाय करू शकतं, तेव्हा माझं ऐकून दुकानातून काही आणू नका. कुत्री अधूनमधून येतात, पण बहुधा लांबूनच भुंकतात. शाळेतल्या त्या बाईंना बायकोनं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, 'कार्ड राहू द्या, दुसऱ्या कुणाला लागेल.' पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे; तिथे रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. एका सभेला मागे बसून आलो. अम्मी सांभाळत होती तेव्हा तिला असं कोणी भेटलं असतं, तर बरं झालं असतं.

सकाळी चहात गवती चहा पडला की मी कपावर वाकून वास घेतो. बायको बघते, पण विचारत नाही. येतोय, अजून येतोय.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिनं एक वही केली आहे. तारीख, वेळ, मी काय बोललो, काय केलं. मी एकदा वाचायला मागितली. म्हणाली, 'मिळणार नाही. ही डॉक्टरांसाठी आहे, तुमच्या संग्रहासाठी नाही.' पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. तोवर वही तिच्या उशाखाली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)