शांतता समितीचं रजिस्टर



काल संध्याकाळी उज्जैनच्या टावर चौकात उभा होतो. फ्रीगंजची दुकानं उजळलेली, खाण्याच्या गाड्यांभोवती ही गर्दी. धक्का लागला तरी कुणी वळून बघत नव्हतं. अशी संध्याकाळ शांततेच्या कामाच्या अहवालात कोणत्या रकान्यात लिहायची? दंगल झाली की आकडा मिळतो. श्रीकृष्ण आयोगाने डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधले मुंबईतले ९०० मृत्यू नोंदवले. त्याच दिवसांत मुंबईजवळची भिवंडी शांत राहिली. तिथे जी माणसं वाचली, त्यांची यादी कुठेच नाही.

ही तीच भिवंडी, जी १९७० आणि १९८४ मध्ये पेटली होती. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांना बाजूला ठेवून त्यांनी साध्या माणसांना बोलावलं. हिंदू-मुस्लिम दोन्ही धर्मांची माणसं आणि भागातला पोलीस एका सतरंजीवर बसू लागले. बोलणं चालायचं ते रोजच्या अडचणींचं, घराशेजारच्या भांडणाचं. माझ्या मते गुण त्यातच होता. अफवा आली तेव्हा ती खरी का खोटी हे विचारायला ओळखीचा माणूस होता. मुंबईत ही ओळख शहर जळल्यानंतर, १९९४ पासून, मोहल्ला कमिटी चळवळीने बांधायला घेतली. माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं पायपीट केली.

जुलै २००६ मध्ये भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून जमाव आणि पोलीस भिडले. गोळीबारात माणसं गेली, दोन पोलीसही मारले गेले. मग प्रयोग फसला का? मी तसं म्हणणार नाही. पण त्या दिवशी तुटलं ते पोलीस आणि वस्ती यांच्यातलं नातं, ज्याच्या जोरावर १९९२ निभावलं होतं. मोजायचं ते हे नातं. एकदा मोजून काम संपत नाही.

एका गावच्या शांतता समितीचं रजिस्टर मी चाळलं आहे. सुरुवातीच्या पानांवर तक्रारी होत्या, चर्चा होती, खाडाखोड होती. पुढे 'सभा शांततेत पार पडली' एवढंच वाक्य आणि खाली सह्या. शेवटच्या पानांवर सगळ्या सह्या एकाच शाईच्या, एकाच वळणाच्या. कागदावर ती समिती आजही चालू आहे.

१५ ऑगस्ट २००७ ला तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. हेतू मोठा होता. कोर्टाच्या चकरा वाचाव्यात, गावानं गावात बसून मिटवावं. पण मिटलेल्या तंट्यांवर बक्षीस ठरू लागलं की मिटवण्याची घाई होते. मार खाऊन आलेल्या बाईला समजूत घालून परत धाडलं, तर कागदावर एक तंटा कमी होतो. तिच्या घरात तो चालूच राहतो. दुबळ्याच्या गप्प बसण्याला मी समेट मानत नाही.

तेव्हा मित्रांनो, अशा समित्यांचं मूल्यमापन करायला जाल तर सहा महिन्यांनी त्या बाईच्या दारात जा आणि तिच्याशी एकटीशी बोला. पोलीस साहेबांची बदली झाल्यावर समिती किती वेळा बसली, ते विचारा. रात्री दोन वाजता दगड पडला तर पलीकडच्या आळीत कुणाला फोन कराल, एवढं विचारा आणि तो नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये आहे का, ते स्वतः पाहा. परत गेल्यावर पहिल्या आठवड्यात आपापल्या समितीचं रजिस्टर उघडा, ही माझी तुम्हा सर्वांना हात जोडून विनंती आहे.