चिमटा कुणाच्या पोटाला?

(तरुणांच्या अभ्यासशिबिरात केलेलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे.)

तिजोरीत खडखडाट झाला की सरकारला एकच गोष्ट सुचते. पोटाला चिमटा काढा. देशासाठी काढा, पोराबाळांच्या उद्यासाठी काढा. कुणाच्या पोटाला, ते मात्र सांगत नाहीत. ते दाखवायचं काम व्यंगचित्राचं. व्यंगचित्र ते काम करतं का, एवढ्या एकाच गोष्टीवर मी आज बोलणार आहे. मी काही चित्रकलेचा प्रोफेसर नव्हे. दुकानांच्या पाट्या रंगवतो, मोर्चाचे बोर्ड रंगवतो. ब्रश धरणाऱ्या हाताला जे कळलं तेवढंच सांगणार.

१९९१ साली मी नववीत होतो. त्या जुलैत सरकारनं रुपयाची किंमत उतरवली, आणि २४ तारखेच्या अर्थसंकल्पात खताचे भाव ४० टक्क्यांनी चढवले. आमच्या वस्तीच्या तोंडाशी चहाचं हॉटेल होतं, तिथं पेपर यायचा. अर्थसंकल्प झाला की पेपरात हटकून एक चित्र यायचं. अर्थमंत्र्याच्या हातात ही एवढी कात्री, समोर एक बिचारा माणूस आणि त्याचा कापला जाणारा खिसा. लोक हसायचे. मीही हसायचो. एकदा तसाच हसत घरी आलो. बाप मार्केट यार्डात हमाल. दोरीवर त्याचं बनियन वाळत होतं. बघतच राहिलो. च्यायला, ह्याला तर खिसाच नाही! मग त्या चित्रात माझा बाप कुठं आहे?

तेव्हापासून हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही.

आता आर. के. लक्ष्मणचा कॉमन मॅन घ्या. १९५१ पासून तो 'टाइम्स ऑफ इंडिया'त उभा. चौकड्याचा कोट, धोतर, गोल चष्मा, टकलाच्या कडेला चार केस. मंत्री थापा मारतो, हा ऐकतो. भाव चढतात, हा बघतो. तोंड कधी उघडत नाही. लक्ष्मणचा हात थोर होता, त्यात वाद नाही. टंचाई, महागाई, गरिबीवर भाषणं ठोकणारे गुबगुबीत पुढारी, सगळं त्यानं चार रेघांत पकडलं. पण मी विचारतो, हा कॉमन मॅन कोण? त्याला कोट आहे, चष्मा आहे, घर आहे. त्याचं दुःख खोटं नाही. पण त्याला एकदा 'सर्वसामान्य' म्हटलं, की त्याच्याही खाली जो उभा आहे तो माणसांच्या यादीतूनच बाद होतो.

आणि व्यवस्थेनं ह्या कॉमन मॅनचं काय केलं? १९८८ साली त्याला पोस्टाच्या तिकिटावर छापलं. पुण्यात पुतळा उभारला, मुंबईत वरळीला उभारला. एका स्वस्त विमान कंपनीनं तर त्याला आपली जाहिरात करायला लावलं. आयुष्यभर रेशनच्या रांगेत ताटकळलेला माणूस शेवटी विमानाचं तिकीट विकायला उभा! ज्याच्यावर हे चित्र होतं, तोच त्याला हार घालतो. याचा अर्थ ते त्याला कुठं लागलंच नाही.

आता लागलेलं चित्र सांगतो. जरा लांब जावं लागेल. पॅरिस, साल १८३१. आदल्या वर्षी तिथल्या लोकांनी रस्त्यावर लढून एक राजा हाकलला. रक्त कामगारांनी सांडलं आणि गादीवर बसला लुई फिलिप. स्वतःला नागरिकांचा राजा म्हणवायचा. लोकांच्या पोटाला चिमटा, आणि ह्याच्या खर्चासाठी तिजोरीतून लाखोंची रक्कम. तेव्हा ओनोरे दोमिए नावाचा २३ वर्षांचा पोरगा तिथं शिळाछापाची चित्रं काढत होता. बाप काच बसवणारा. पोरानं लहानपणी बेलिफाकडे निरोप्याचं काम केलेलं. म्हणजे जप्ती कशी येते, कुणाच्या दारी येते, हे त्यानं पुस्तकात वाचलं नव्हतं.

त्यानं राजा काढला. नाव दिलं 'गार्गांत्युआ', जुन्या फ्रेंच कथेतल्या खादाड राक्षसाचं. भलंमोठं पोट, तोंड उघडलेलं. त्या तोंडापासून जमिनीपर्यंत एक लांब फळी टेकवलेली. खाली फाटके लोक उभे आहेत, अपंग आहेत, लेकराला घेतलेली आई आहे. ते टोपल्यांत नाणी टाकताहेत. छोटी छोटी माणसं टोपल्या घेऊन फळीवर चढताहेत आणि राजाच्या तोंडात ओतताहेत. राजा बसलाय कशावर? संडासाच्या खुर्चीवर! आणि खालून पडतंय काय? पदकं, नेमणुका, सवलतींचे कागद. ते झेलायला गुबगुबीत मंडळी खाली टपलेली.

बघा, हा सगळा अर्थसंकल्प आहे. जमा कुठून, खर्च कुणावर, मध्ये वाहतो कोण. एक आकडा न लिहिता.

चित्र दुकानाच्या काचेत लागलं आणि पोलीस आले. प्रती जप्त. ज्या दगडावरून ते छापलं तो नष्ट करण्याचा हुकूम. १८३२ मध्ये दोमिएला सहा महिन्यांची कैद आणि ५०० फ्रँक दंड झाला. पुढे १८३५ साली सरकारनं कायदाच केला की चित्र छापायचं तर आधी परवानगी घ्या. लेखाला ती अट नव्हती, चित्राला होती! कारण उघड आहे. लेख वाचायला अक्षर लागतं. चित्राला डोळे पुरतात, आणि डोळे गरिबालाही असतात.

ह्या चित्राची झेरॉक्स मी बापाला दाखवली. बाप अंगठेबहाद्दर. मला वाटलं, राजाला बघून हसेल. त्यानं राजाकडं बघितलंच नाही. फळीवर बोट ठेवून म्हणाला, "चढ लई आहे रं. टोपलं घेऊन वर जाणाऱ्याला काय देत्यात?"

मी गप्प. किती वेळा बघितलं होतं मी ते चित्र! फळीवरचे हमाल मला दिसलेच नव्हते. आयुष्यभर पाठीवर पोतं वाहिलेल्या माणसाला ते आधी दिसले.

मित्रांनो, ती फळी अजून तिथंच आहे. २०१९ च्या सप्टेंबरात सरकारनं कंपन्यांवरचा कर, जुन्या सवलती सोडायच्या अटीवर, ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. २०२२ च्या जुलैत पाकीटबंद, लेबल लावलेल्या पिठावर, तांदळावर, दह्यावर ५ टक्के जीएसटी लावला. पिठाचं पाकीट घेणारी मोलकरीण आणि तिची मालकीण, दोघींना टक्का सारखाच. मोठ्याला सोडलं तर म्हणे गुंतवणूक वाढते. आणि आमची शिष्यवृत्ती मागितली तर म्हणे तिजोरीवर बोजा!

शिष्यवृत्तीचं घरचंच सांगतो. माझी धाकटी बहीण कॉलेजला होती. दोन वर्षं तिची शिष्यवृत्ती आली नाही. खिडकीवर एकच उत्तर, "वरून निधी आला नाही." फी भरल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म घेईनात. पोरगी एका कारखान्यात पॅकिंगला लागली, एक वर्ष गेलं. माझं डोकं फिरलं. रात्री कॉलेजच्या भिंतीवर खिडकीतल्या क्लार्कचं चित्र काढलं. लांब सुळे, हातात फॉर्म फाडलेला. सकाळी पोरं जमली, हसली. मी खूश. बहीण आली, बघितलं आणि म्हणाली, "दादा, तो क्लार्क कंत्राटावर आहे. त्याचाच पगार तीन महिने थकलाय."

मी स्वतः चुना मारून ते चित्र पुसलं.

चूक काय झाली? मी फळीवरचा माणूस काढला आणि त्यालाच राक्षस केला. तोंड राहिलं बाजूला. सरकारला हेच पाहिजे असतं. खिडकीच्या आतला आणि बाहेरचा भांडत बसले की वर कुणी बघत नाही. २०२५ साली महाराष्ट्रात सामाजिक न्याय खात्याचा पैसा दुसऱ्या योजनेकडे वळवला, तेव्हा खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यानंच जाहीर तक्रार केली. म्हणजे टोपली भरलेली असते, वाटेत ती दुसरीकडं नेतात. आणि ज्या दोन गरिबांची टोपली एक केली, त्या दोघांत भांडण लावतात. त्या बायांना पैसे मिळाले म्हणून आपण त्यांच्यावर दात खायचे नाहीत. त्याही फळीच्या पायथ्याशीच उभ्या आहेत.

म्हणून ब्रश धरणाऱ्या पोरापोरींना माझं सांगणं आहे. चित्र काढलं की त्याला तीन प्रश्न विचारा. टोपली कोण भरतंय? कोण वाहतंय? कुणाच्या तोंडात जातंय? तिन्ही माणसं चित्रात दिसली पाहिजेत. नुसती कात्री आणि नुसता खिसा काढाल, तर ज्याला खिसा नाही तो पुन्हा चौकटीबाहेर जाईल. आणि चित्र पूर्ण झालं की ते आधी संपादकाला नका दाखवू. ज्यानं पोतं वाहिलंय त्याला दाखवा. तो कुठं बोट ठेवतो ते बघा.

ते कॉलेजच्या भिंतीवरचं चित्र मला नव्यानं काढायचंय. ह्या वेळी बहीण बरोबर असणार आहे. फॉर्म अडलेली पोरं आणि जमलं तर तो क्लार्कही. चुना आणि गेरू मी आणतो. फळी किती उंच काढायची ते बाप सांगेल.