नीती कुठून आली?

(विहाराच्या वर्धापनदिनी अकोला येथे केलेल्या भाषणावरून)



मी गिरणी कामगार. शाळा दहावीपर्यंत, पुढचे शिकलो ते वाचनालयात. चूकभूल सांभाळून घ्यावी. मला लोक विचारतात, देव मानत नाही, मग चोरी का करत नाही? भीती कोणाची?

मी त्यांना सातभाई दाखवतो. आपल्या वऱ्हाडात बाभळीखाली पाला उलटवत, कलकल करत फिरणारे ते मातकट पक्षी. घरटे एका जोडीचे, पण पिलांना चारा टोळीतले दुसरेही आणतात. बाकीचे खाली चरतात तेव्हा एखादा फांदीवर पहारा देतो. कोणत्या पोथीत वाचले त्यांनी? जी टोळी एकमेकांना धरून राहिली तिची पिले जगली, तो स्वभाव पुढे चालत आला. एकमेकांना मदत करणारी टोळी टिकते, हे माणसाबद्दल डार्विनने १८७१ सालीच लिहून ठेवले आहे.

जॉर्जिया देशात दमानिसी येथे १७ लाख वर्षांहून जुनी एक कवटी सापडली. एक सोडून सारे दात पडलेले, दातांच्या खाचा हाडाने भरून आलेल्या. म्हणजे दात गेल्यावरही तो जीव बराच काळ जगला. कोणीतरी त्याला मऊ घास दिला असावा, असे काही शास्त्रज्ञ मानतात. तेव्हा देऊळ नव्हते, मनू तर नव्हताच.

पण मित्रहो, सातभाईंच्या दोन टोळ्या हद्दीवर भेटल्या की तुंबळ भांडतात. माया टोळीपुरतीच. बाबासाहेबांनी १९५७ साली निघालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात इथेच बोट ठेवले आहे. चोरांतही आपसात नीती असते, जातीतही असते; पण ती बाहेरच्याला लागू नसते. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. पगारासाठी सगळे एक, सुतासाठी वेगळे! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला.

दुसऱ्याकडे बोट दाखवणे सोपे आहे, म्हणून माझेही सांगतो. आमची गिरणी बंद पडली तेव्हा आम्ही वस्तीत ज्वारी गोळा केली. वाटपाची यादी माझ्या हाताने केली. रात्री आई म्हणाली, “अन् त्या मांगच्या खोलीतल्या लेकरायचं काय रे?” तिथे एक परप्रांती बदली कामगार राहत होता. मी म्हणालो, “तो आपल्यातला नाही, माय.” ती काही बोलली नाही. आपल्याच डब्यातली ज्वारी पदरात घेऊन निघून गेली. मला झोप आली नाही. तरी नाव घालायला चार दिवस लागले, कारण कोणी म्हणे आधी आपले पुरे होऊ द्या. पाचव्या दिवशी पिशवी घेऊन गेलो, तर खोलीला कुलूप. कुठे गेले, कोणालाच ठाऊक नव्हते.

यंदा समिती मुलांना वह्या वाटणार आहे. नाल्यापलीकडे पाल टाकून राहणाऱ्यांची पाच-सहा लेकरे शाळेत जातात, मी पाहिली आहेत. त्यांची नावे यादीत आहेत का, एवढे मला समितीला विचारायचे आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!