सर्वांना एकच दर : उद्याचे इंटरनेट आणि आपण कामगार

(युनियनच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव फळ्यावर वाचून काही जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. महागाई भत्ता, रिक्त जागा, पेन्शन हे प्रश्न दारात उभे असताना सेक्रेटरी इंटरनेटवर कशाला बोलतात, असे वाटणे साहजिक आहे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेली माणसे. यंत्राच्या पोटात काय चालते ते आम्हाला कळते, असा आमचा दावा नाही. पण तार कोणाच्या जमिनीतून जाते, भाडे कोण भरतो आणि नफा कोणाच्या खिशात पडतो, हा हिशेब कामगाराला चांगला कळतो. उद्याचे इंटरनेट कसे असेल ते याच हिशेबावर ठरणार आहे.

जुना नियम आपल्याच घरचा

टपाल खात्यातील बंधूंना हे माहीत असेल. १८५४ पूर्वी पत्राचे टपाल अंतरावर ठरत असे. पत्र जितके लांब, तितके पैसे जास्त. १ ऑक्टोबर १८५४ पासून साऱ्या देशाला एक दर लागू झाला. पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या तालुक्यात जावो की कलकत्त्याला. पत्र सावकाराचे आहे की कुळाचे, हे तिकीट विचारत नाही.

रेल्वेत हाच नियम दुसऱ्या रूपाने आला. १८९० च्या रेल्वे कायद्याच्या ४२ व्या कलमाने एखाद्या गिऱ्हाइकाला गैरवाजवी झुकते माप देण्यास रेल्वेला मनाई केली. आजच्या १९८९ च्या कायद्यात हीच मनाई ७० व्या कलमात आहे. मालधक्क्यावर नोकरी केलेल्यांना याचे महत्त्व सांगायला नको. रावेर-सावद्याची केळी उत्तरेकडे जातात. समजा, रेल्वेने एकाच बड्या व्यापाऱ्याला स्वस्तात वॅगन दिल्या आणि बाकीच्यांना थांबवून ठेवले, तर बाकीच्यांची केळी धक्क्यावरच काळी पडतील. पुढच्या हंगामात बाजारात तो एकटाच उरेल आणि मग भाव तोच ठरवील. शेतकऱ्यालाही तोच आणि गिऱ्हाइकालाही तोच.

इंटरनेट हाही एक रस्ताच आहे. त्यावरून माल जातो, पत्र जाते, पैसा जातो. म्हणून आपला जुना नियम तिथे लागू आहे की नाही, हा पहिला प्रश्न.

फुकटाची गोष्ट

आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. पुढे २००२ मध्ये ती कंपनी टाटांच्या हाती गेली. वीस वर्षांत इंटरनेट गरिबाच्या मोबाइलपर्यंत येऊ लागले, तेव्हा बड्या कंपन्यांचे लक्ष या नव्या गिऱ्हाइकाकडे गेले. २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने एक योजना आणली. तिचेच नाव पुढे 'फ्री बेसिक्स' झाले. ठरावीक सेवा फुकट पाहा, बाकीचे इंटरनेट हवे असेल तर पैसे भरा. त्याच वर्षी एअरटेलनेही वेगळी योजना पुढे केली. तिच्यात गिऱ्हाइकाचे पैसे दुकानदार कंपनीने भरायचे होते.

फुकट ते पौष्टिक, असे आपल्याकडे म्हणतात. गरिबाला काहीतरी मिळते आहे, युनियनवाल्यांना पोटात का दुखावे, असेही कोणी म्हणेल. पण मालधक्का आठवा. रस्त्याचा मालक दुकानदाराशी संगनमत करतो आणि एका दुकानापर्यंत रस्ता मोफत ठेवतो. इतर दुकानांना जायचे तर टोल. नव्याने धंदा मांडणारा छोटा माणूस उभाच राहू शकणार नाही. आणि गरिबाला मिळेल ते दुसऱ्याने निवडून दिलेले इंटरनेट. शिकलेला पैसेवाला सारे जग पाहील आणि हमालाचा मुलगा कंपनी दाखवील तेवढेच पाहील.

या प्रश्नावर देशात मोठी चळवळ झाली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे, म्हणजे ट्रायकडे, दहा लाखांहून अधिक लोकांनी ई-मेलने आपले म्हणणे पाठवले. कंपनीने वर्तमानपत्रांत पानपानभर जाहिराती दिल्या. अखेर ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने निर्णय दिला. काय पाहता त्यानुसार वेगळा दर लावायचा नाही. मोडल्यास दर दिवशी ५० हजार रुपये दंड, कमाल ५० लाख. २०१८ मध्ये सरकारने आणखी पुढचे पाऊल टाकले. कोणाचा माल मुद्दाम हळू न्यायचा नाही आणि कोणाचा अडवायचा नाही, असे बंधन परवान्यातच घातले. गाव करी ते राव न करी, याचा हा अलीकडचा दाखला आहे. पण मोठ्या कंपन्या निराळ्या नावाने हीच मागणी पुन्हा पुन्हा आणतात, म्हणून डोळे उघडे ठेवले पाहिजेत.

तार कोणाची?

दुसरा प्रश्न मालकीचा. रुळांच्या कडेने रेलटेलची ६० हजार किलोमीटरहून अधिक ऑप्टिकल फायबर केबल गेली आहे. ऊन-पावसात ज्या रुळांवरून आपले कीमन आणि ट्रॅकमन फिरतात, त्यांच्याच बाजूने ती पुरलेली आहे. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर गुगलच्या मदतीने मोफत वाय-फाय सुरू झाले. जून २०१८ पर्यंत अशी ४०० स्थानके झाली. २०२० मध्ये गुगलने जाहीर केले की आता आपण यातून बाहेर पडतो. तरीही स्थानकांवरचे वाय-फाय बंद पडले नाही, कारण खालची तार आपली होती. पाहुणा गेला, घर राहिले. आज सहा हजारांहून अधिक स्थानकांवर ही सेवा आहे. फलाटावरचा हमाल पोरांशी बोलतो, परीक्षेला बसणारा मुलगा अभ्यास करतो, तो याच तारेवर.

फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारने रेलटेलमधला सुमारे २७ टक्के हिस्सा बाजारात विकला. बहुमत अजून सरकारचे आहे. ते तसेच राहिले पाहिजे.

खेड्यांची गोष्ट वेगळी. अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडायची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली. आज तिला भारतनेट म्हणतात. मुदती सरत गेल्या आणि ऑगस्ट २०२३ मध्ये १ लाख ३९ हजार कोटींची सुधारित योजना मंजूर करावी लागली. दरम्यान, ज्या बीएसएनएलवर या कामाचा मोठा भार, तिथून ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी ७८ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडले. तार वाढवायची आणि तारेवरची माणसे घटवायची, हे गणित कोणत्या शाळेत शिकवतात ते आम्हाला माहीत नाही. खाजगी कंपनी नफा असेल तिथेच मनोरा उभारील. डोंगरातल्या वाडीला सरकारी यंत्रणेशिवाय कोण आहे?

खिडकी आणि खिडकीबाहेरचे लोक

ऑगस्ट २००२ मध्ये रेल्वेची तिकिटे इंटरनेटवर मिळू लागली. सुरुवातीला पैसे इंटरनेटवर भरायचे आणि तिकीट कुरिअरने घरी यायचे. आज आरक्षित तिकिटांपैकी ८० टक्क्यांहून अधिक इंटरनेटवर निघतात. प्रवाशाची रांग वाचली, हे चांगलेच झाले. पण सप्टेंबर २०१९ पासून अशा तिकिटावर सेवाशुल्क पुन्हा लागू झाले. खिडकीचा, वीजबिलाचा, कारकुनाचा खर्च वाचवणारा प्रवासी जादा पैसे का भरतो, हा प्रश्न ग्राहक म्हणून आपणही विचारला पाहिजे.

आणि खिडकीच बंद झाली तर? ज्याच्याकडे मोबाइल नाही, ज्या म्हातारीच्या बोटांचे ठसे यंत्र घेत नाही, ज्याला अक्षरओळख नाही, त्याने कोणाकडे जायचे? तो एजंटाकडे जातो आणि दुप्पट पैसे मोजतो. पोस्टातही हेच आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून टपाल खात्याची पेमेंट्स बँक सुरू झाली आणि पोस्टमन, ग्रामीण डाकसेवक घरोघरी पैसे पोचवू लागले. यंत्र चालते ते डाकसेवकामुळे. सही कुठे करायची, पैसे किती आले, हे तोच समजावून सांगतो. त्या विश्वासाला कोणत्याही यंत्राची किंमत लावता येत नाही. मग त्याला खात्याचा पूर्ण नोकर मानायला काय हरकत आहे?

बाहेर पाहा. मोबाइलवरून काम मिळणारे, घरोघर पार्सल आणि जेवण पोचवणारे तरुण २०२०-२१ मध्ये ७७ लाख होते, असा नीती आयोगाचा अंदाज आहे. २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असेही तो म्हणतो. यांना मुकादम दिसत नाही, मस्टर नाही, रजा नाही. दर कधी कमी झाला ते मोबाइल सांगतो आणि का, ते कोणीच सांगत नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्यांचे नाव आले, २०२३ मध्ये राजस्थानने वेगळा कायदा केला. पण संघटनेशिवाय कायदा कागदावरच राहतो, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. ही मुले आपल्याच घरांतली आहेत.

माहिती हाही माल झाला

शेवटचा मुद्दा. कोण कुठून कुठे गेला, कोणाबरोबर गेला, पैसे कसे भरले, ही सारी माहिती तिकिटाबरोबर साठते. ऑगस्ट २०२२ मध्ये आयआरसीटीसीने या माहितीतून उत्पन्न कसे मिळवावे यासाठी सल्लागार नेमण्याची निविदा काढली. ओरड झाली, संसदीय समितीने विचारणा केली आणि निविदा मागे घेतली गेली. प्रवाशाने तिकिटाचे पैसे दिले ते प्रवासासाठी. त्याची माहिती विकण्याची परवानगी त्याने कधी दिली? आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, असा हा प्रकार. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. माहिती संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये आला आणि त्याचे नियम निघायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. पोस्टमन दुसऱ्याचे पत्र फोडत नाही. हा दंडक त्याने दीडशेहून अधिक वर्षे पाळला. कंपन्यांनी तो आपल्या पोस्टमनकडून शिकावा.

आपण काय करायचे?

शाखांनी चार मागण्या ठरावात घ्याव्यात. एक, सर्वांना एकच दर आणि एकच वाट, यात सूट नको. दोन, रेलटेल, बीएसएनएल आणि टपालाची जाळी सार्वजनिक मालकीचीच राहावीत आणि तिथल्या रिक्त जागा भराव्यात. तीन, प्रत्येक ठिकाणी माणसाची एक खिडकी उघडी राहावी. चार, प्रवाशाची आणि खातेदाराची माहिती त्याच्या संमतीवाचून कोणाला देऊ नये.

आपण यंत्राच्या विरुद्ध नाही. आरक्षण संगणकावर आले तेव्हा तो चालवायला आपलेच बुकिंग क्लार्क शिकले, आणि १९९९ मध्ये देशातली पाचही आरक्षण केंद्रे जोडली गेली ती त्यांच्याच कष्टावर. नवे यंत्र येऊ द्या. मात्र त्याच्या नियमपुस्तकात अर्ध्या आण्याच्या तिकिटाचा न्याय असलाच पाहिजे, आणि तो तिथे लिहून घेणे हे आपले काम आहे.