मानेवरील काळेपणा आणि रक्ततपासणी
(वार्षिक सभेतील व्याख्यान)



मानेच्या मागे, काखेत किंवा जांघेत काहींची त्वचा हळूहळू काळवंडते, जाड होते व हाताला मखमलीसारखी लागते. घरात बहुधा हा मळ समजला जातो. मुलींना त्यावरून बोलणीही खावी लागतात. बेसन, लिंबू, गोरेपणाची मलमे असे सारे उपाय होतात, पण डाग जात नाही. कारण तो मळ नसतोच. वैद्यकात या लक्षणास ‘अ‍ॅकॅन्थोसिस निग्रिकन्स’ म्हणतात. ते संसर्गजन्य नाही.

लठ्ठपणा व त्यासोबत येणारा इन्शुलिनरोध हे याचे सर्वाधिक आढळणारे कारण होय. पेशी इन्शुलिनला पुरेशी दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड ते अधिक स्रवते आणि वाढलेले इन्शुलिन त्वचेच्या पेशींच्या वाढीस चालना देते. रक्तातील साखर वाढण्यापूर्वीच हा डाग दिसू शकतो. म्हणजे मधुमेह टाळण्यास अवधी असतानाच ही सूचना मिळते.

डाग ओळखण्यास डॉक्टरांची नजर बहुधा पुरते. त्वचेचा तुकडा तपासण्याची गरज क्वचितच भासते. शोध घ्यायचा असतो तो कारणाचा. प्रथम वजन, कमरेचा घेर व रक्तदाब पाहतात. उपाशीपोटी रक्तशर्करा १०० ते १२५ मिलिग्रॅम असल्यास ती मधुमेहपूर्व अवस्था, १२६ वा अधिक असल्यास मधुमेह. मात्र लक्षणे नसतील तर पुन्हा तपासून खात्री करतात. तीन महिन्यांची सरासरी दाखविणाऱ्या एचबीए१सी चाचणीत याच मर्यादा ५.७ व ६.५ टक्के आहेत. रक्तक्षय किंवा सिकलसेल असल्यास ही चाचणी फसवू शकते. तेव्हा ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर मोजणे हितावह. गरजेनुसार रक्तातील चरबी व थायरॉइडही तपासतात. पाळी अनियमित असेल तर अंडाशयांच्या पीसीओएस विकाराचा विचार करावा लागतो. स्टिरॉइडसारखी औषधे चालू असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे.

एक अपवाद दुर्मीळ, पण गंभीर आहे. उतारवयात, अंगाने कृश असलेल्या व्यक्तीत हा काळेपणा अचानक येऊन वेगाने पसरला, तळहात वा ओठांवरही दिसू लागला, तर जठराच्या कर्करोगाची शंका घेऊन दुर्बिणीने तपासणी करणे आवश्यक ठरते.

मूळ कारणावर उपाय झाला, वजन उतरले, की डाग पुष्कळदा फिका पडतो.

देणगीदारहो, आरंभीच्या तपासणीस मोठी यंत्रे लागत नाहीत. वजनकाटा, मोजपट्टी व साधी रक्ततपासणी पुरते. अशा साध्या तपासण्या अल्प दरात उपलब्ध राहणे आपल्या दानावर अवलंबून असते. आणि आप्तेष्टांना एवढीच विनंती, की मुलाची मान काळी दिसली तर त्याला रागावू नका, घासू नका, तपासणीस आणा.