फाईलची छाटणी आणि मेमरीतली पाने



संगणकावर मराठीत बोलायचे म्हटले की चर्चा बहुधा पारिभाषिक शब्दांपाशीच अडते. आज मी एक नेमका प्रश्न घेतो. शब्दाचा विचार शेवटी करू.

लिनक्स फाईल वाचताना दर वेळी डिस्ककडे धाव घेत नाही. एकदा वाचलेला मजकूर तो मेमरीत पानापानांनी ठेवतो. हाच पेज कॅश. आपल्या नेहमीच्या संगणकांवर हे पान ४०९६ बाइटांचे असते. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे निव्वळ देवनागरी मजकुराच्या पानावर १३६५ चिन्हे मावतात आणि पुढच्या चिन्हाचा एकच बाइट येतो. यंत्राचे पान आपल्या अक्षरांचा मान राखत नाही.

फाईल छाटताना तीन कामे करावी लागतात : लांबीची नोंद कमी करणे, छाटलेल्या भागाची पाने कॅशमधून काढणे आणि डिस्कवरचे ब्लॉक मोकळे करणे. क्रम हाच हवा. लांबी आधी कमी केली, की मागून येणारा वाचक ती तपासून माघारी फिरतो. ब्लॉक आधी मोकळे केले आणि पान कॅशमध्ये राहिले, तर तेच ब्लॉक दुसऱ्या फाईलला मिळू शकतात आणि आपले जुने पान तिच्या मजकुरावर लिहिले जाऊ शकते. छाटणी पानाच्या मध्यावर झाली, तर उरलेला भाग शून्यांनी भरावा लागतो. नाहीतर फाईल पुन्हा वाढवताच पुसलेला मजकूर डोके वर काढतो.

२०११मध्ये लिनक्स २.६.३८ने फाईलच्या मधल्या भागाला भोक पाडण्याची सोय दिली. लांबी तीच राहते, मधले ब्लॉक मात्र मोकळे होतात. इथे लांबीचा पहारेकरी निरुपयोगी ठरतो. पाने काढली, ब्लॉक अजून सुटायचे आहेत, तेवढ्यात दुसरा प्रोग्राम तोच भाग वाचतो आणि पान कॅशमध्ये परत येते. मग ब्लॉक सुटतात, दुसऱ्याकडे जातात, आणि या पानाला मात्र जुनाच पत्ता ठाऊक असतो.

एक्सएफएस आणि ईएक्सटी४ यांनी यासाठी आपापली कुलपे केली होती. २०२१च्या लिनक्स ५.१५मध्ये यान कारा यांच्या कामातून सर्वांसाठी एक सामाईक कुलूप आले. पाने कॅशमध्ये आणणारे अनेकजण ते एकाच वेळी वाटून घेऊ शकतात. भोक पाडणारा मात्र ते एकट्याने घेतो आणि ब्लॉक सुटेपर्यंत बाकीचे थांबतात.

आता शब्दाचा प्रश्न. अशा दोषाला इंग्रजीत 'रेस कंडिशन' म्हणतात. आपण त्याचे 'शर्यत' केले, तर विद्यार्थी कोण जिंकले ते शोधू लागतो. इथे जिंकायचे कोणालाच नसते. दोन कामे आपापल्या जागी बरोबर असतात. ती कोणत्या क्रमाने घडतील याची हमी कोणी घेतलेली नसते. म्हणून वर्गात मी 'क्रमाचा घोळ' म्हणतो. हा शब्द टिकेल की नाही, ते वापरणारे ठरवतील. पण तो ऐकल्यावर मुले पहिला प्रश्न नेमका विचारतात : "मग आधी काय व्हायला हवे होते?" त्या प्रश्नातच निम्मे उत्तर आहे.